तोंडओळखीचे फायदे

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलं, की नवी खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडूनच जास्त मिळते. जिवलगांना ठाऊक तेच, जे आपल्याला ठाऊक. आपल्याकडे हे ज्ञान लग्नाच्या पंगतीत फुकट मिळतं. ‘आपण मूळचे कुठले?’ असं विचारलं, की जिलबी येईपर्यंत समोरच्याचा मेहुणा कोणत्या खात्यात आहे ते कळतं.

आता त्याच कामासाठी हॉटेलात पैसे भरून परिषदा होतात. प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी, आणि बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावर नव्हे, पट्टीवरच्या हुद्द्यावर. हुद्दा किरकोळ निघाला की, ‘जरा पाणी घेऊन येतो हं.’ पाणी आणायला गेलेला हा माणूस परत आल्याचं अजून कोणी पाहिलेलं नाही.

लिंक्डइनवर तर तीस हजार ओळखी ठेवायची मुभा आहे. एरवी त्यांना फक्त वाढदिवसाला शुभेच्छा, त्याही यंत्राने आठवण केली म्हणून. नोकरी गेली की मात्र रातोरात सगळ्यांना, ‘कसे आहात सर? बरेच दिवसांत बोलणं नाही!’ सरही मुरलेले. ‘बायोडेटा पाठवून ठेवा, बघतो,’ म्हणतात; स्वतःचा त्यांनी कालच कुणाला तरी पाठवलेला असतो.