एका झाकणाचा घाट

काकांची फियाट १९८६ची. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या घरात तिला या नावाने कुणी हाक मारलेली नाही. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा आणि सकाळी चोक ओढल्याशिवाय जागं न होण्याची सवय. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा काका दिवसभर खुशीत होते. "आता आपलीच उरली," म्हणाले, जणू गाडीला बढती मिळाली होती.

एप्रिलात चिपळूणला लग्न निघालं आणि फियाटच न्यायची असं ठरलं. म्हणजे काकांनी ठरवलं. त्याआधी तिची तब्येत दाखवायला पुण्यातच नाना पेठेत मेकॅनिक उस्तादांकडे गेलो. उस्ताद बॉनेट उघडून दोन मिनिटं गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "दोन्ही होज पाईप बदला, क्लिपा बदला, बेल्ट बदला. आणि रेडिएटरचं झाकण पार गेलंय."

"यातलं सगळ्यात स्वस्त काय?" काकांनी विचारलं.

झाकण बदललं.

आता हे झाकण म्हणजे साधं झाकण नव्हे, त्याचं काम कुकरच्या शिट्टीचं. आतला दाब ते धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर अंशांना उकळत नाही, त्याच्याही वर जातं. आमच्या जुन्या झाकणाने दाब धरणं कधीच सोडलं होतं. त्यामुळे होज पाईप बिचारे कडकले, भेगाळले, तरी निवांत होते. सर वर्गात झोपल्यावर पोरं असतात तसे. त्या वर्गात आम्ही कडक हेडमास्तर नेऊन बसवला.

जाताना काहीच झालं नाही. कराड, पाटण, कोयनानगर मागे पडलं आणि कुंभार्ली घाट तर गाडी आपसूक उतरली. काका प्रत्येक वळणावर "बघ!" म्हणत होते.

येताना मात्र आंब्याच्या चार पेट्या, एक फणस आणि आत्या वाढली. पोफळी सोडली आणि चढ लागला. दुपारचा दीड. पुढे उसासे टाकणारा ट्रक, मागे आम्ही दुसऱ्या गिअरवर. इंजिन किती तापलंय ते सांगणारा काटा कैक वर्षांपूर्वीच निवृत्त झालेला. शेवटी आत्यानेच विचारलं, "कुणाचा भात करपलाय का?" त्यावर फट् असा आवाज आला आणि समोरचा सह्याद्री वाफेत नाहीसा झाला.

वरचा होज क्लिपेला लागून बोटभर फाटला होता. काका झाकण उघडायला धावले, त्यांना दोघांनी धरून ठेवलं. तापलेलं झाकण उघडलं की पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं. पाऊण तास दगडावर बसून आंबे खाल्ले.

मग एक ट्रकवाला थांबला. त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून होजला करकचून गुंडाळली, वर तार आवळली. रेडिएटरही खालून पाझरतोय हे त्याच्याच लक्षात आलं. "हळद आहे का?" आत्याकडे चिपळूणची घरची अर्धा किलो होती, पण मूठभर देताना तिचा चेहरा पाहवत नव्हता. हळद फुगून बारीक भोकं बुजवते, हा घाटातला जुना इलाज. पाणी मात्र त्याने धीराने, थोडं थोडं ओतलं. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर हेडच तडकतं. शेवटी झाकण अर्धवटच फिरवलं. "दाब नको धरायला, नाहीतर पट्टी उडेल."

म्हणजे नव्या झाकणाचं पुन्हा जुनं झाकण झालं.

तरी गाडी सुरू होईना. उभ्या-उभ्या पेट्रोल पंप तापून आतल्या पेट्रोलची वाफ झाली होती. लग्नात मानाने मिळालेलं उपरणं भिजवून पंपावर ठेवलं, तेव्हा कुठे कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचलं.

कराडच्या मेकॅनिकने रेडिएटर रिकामा केला. पिवळंधमक पाणी बघून म्हणाला, "हळद गाडीलाच लावली का?" दोन्ही होज बदलले, क्लिपा बदलल्या. मग त्याने थर्मोस्टॅटचं घर उघडलं, तर ते रिकामं.

"तो मीच काढला होता," काका शांतपणे म्हणाले, "१९९४ साली. गाडी गार राहावी म्हणून."

थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट तापत नाही आणि जास्त पेट्रोल पितं. तीस वर्षं काका अॅव्हरेजच्या नावाने बोटं मोडत होते, ते यासाठी.

नवा थर्मोस्टॅट चालतो का हे पाहिल्याशिवाय ते घेईनात. शेजारच्या टपरीवर पातेल्यात पाणी ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून आत सोडला आणि आम्ही पाचजण वाकून बघत राहिलो. पाणी अजून नीट उकळलंही नव्हतं, तोच मधली पितळी चकती हळूच उचलली गेली. आत्याने हात जोडले. टपरीवाल्याने विचारलं, "हे गाळायचं का चहाबरोबर?"

रात्री अकराला पुण्यात पोचलो. बेल्ट काकांनी घेतला नाही. जुना अजून चांगला आहे म्हणतात.