पाण्यापासून पाणी वाचवा

बडोद्यात अंगणात पाणी हवं असेल तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ऑगस्टपर्यंत थांबणं. आजव्याचं धरण 211 फुटांवर गेलं, पावागढाकडून लोंढा आला, की विश्वामित्री नदी घरपोच येते. अर्ज नको, टँकर नको, वशिला नको. शिवाय नशीब जोरावर असेल तर सोबत मगर. 2019 च्या 31 जुलैला चोवीस तासांत वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला आणि तळ्याकाठचं घर आपल्याला या जन्मी परवडायचं नाही असं समजून बसलेल्या कित्येकांना ते बसल्या जागी मिळालं.

तरीही आमच्या भाऊजींनी भायलीच्या बंगल्यामागे खड्डा खणून, त्याला प्लास्टिकचं अस्तर लावून, त्यात विकतचं पाणी भरायचं ठरवलं. कारण विचारलं तर ते म्हणाले, “न्यू जर्सीला मुलाकडे आहे.” या उत्तरापुढे बडोद्यात कोणी उलटा प्रश्न विचारत नाही. पाच मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर नातू पाण्यात सूर मारतो, आजोबांना ‘हाय’ करतो, आणि इकडे जेसीबी येतो.

आता तिकडे या प्रकाराला काही अर्थ आहे. हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते, काँक्रीटला तडे जातात. म्हणून पत्र्याच्या भिंती उभ्या करून आत विनाइलचं लवचिक अस्तर, म्हणजे लायनर, लावतात. थंडी आली की वर झाकण घालून वसंतापर्यंत विसरून जातात. आपल्याकडे जमीन गोठत नाही, पण काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हातातली किल्ली पडली तर थेट न्यू जर्सीत निघावी. त्यामुळे लायनरच योग्य, असं कंत्राटदाराचं म्हणणं होतं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं ऑगस्टमध्ये कळणार होतं आणि कंत्राटदार बोलत होता मार्चमध्ये.

कंत्राटदाराबद्दल एवढंच सांगतो की तो सज्जन होता आणि प्रत्येक प्रश्नाला त्याचं एकच उत्तर होतं : “थई जशे, साहेब.” होऊन जाईल. माती कुठे टाकणार? थई जशे. जुनी पाइपलाइन मध्ये आली तर? थई जशे. वास्तुवाल्यांनी तलाव ईशान्येला हवा म्हणून सांगितलं. ईशान्येला सेप्टिक टँक होता. तेही थयुं. सेप्टिक टँक नैर्ऋत्येला गेला आणि त्याच्या वासाने ताईने स्वयंपाकघराची खिडकी कायमची बंद केली, हा भाग वास्तुशास्त्रात येत नाही.

बाकी काम मात्र बघण्यासारखं. मी मुद्दाम जाऊन बसत असे. बारा बाय चोवीस फुटांचा खड्डा, उथळ टोकाला साडेतीन फूट, खोल टोकाला साडेपाच. कडेने गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची पॅनेलं बोल्टाने जोडली, मागून टेकू दिले, पायथ्याशी काँक्रीटचा पट्टा ओतला. तळाला सिमेंट-वाळूचा थर गुळगुळीत घोटला, कारण हरभऱ्याएवढा खडा राहिला तरी तो पुढे दहा वर्षं पायाला टोचेल. मग खड्ड्याची मापं घेतली. नुसती लांबी-रुंदी नव्हे, कर्णसुद्धा, कारण लायनर शिवलेल्या ब्लाउजसारखा मापाचा येतो आणि उसवून सैल करता येत नाही. आला तेव्हा घडी घातलेल्या सतरंजीएवढा दिसत होता. जाडी पाऊण मिलिमीटर.

बसवायचा दिवस एप्रिलातला. परदेशात म्हणे लायनर मऊ पडावा म्हणून उन्हाची वाट बघतात. बडोद्यात एप्रिलच्या दुपारी तो इतका मऊ पडतो की माणसाला त्याच्यावर उभं राहता येत नाही, म्हणून पोरं पहाटे पाचला आली. लायनरची जाड किनार वरच्या पट्टीच्या खाचेत बोटांनी दाबत दाबत चौफेर फिरवली. मग एका भोकातून मागच्या बाजूला व्हॅक्यूमची नळी सोडली, फटी टेपने बंद केल्या आणि मशीन सुरू केलं. लायनर आणि भिंत यांच्यामधली हवा ओढली गेली, आणि तो ढगळ निळा कागद बघता बघता अंगाला चिकटला. एक पोरगा अनवाणी आत उतरून तळाच्या चुण्या टाचेने काढत कडेकडे सारत होता. पाणी सोडल्यावर जी चुणी राहील ती राहिलीच, त्यामुळे त्याच्या टाचेकडे सगळं घर श्वास रोखून बघत होतं. पाणी वर चढल्यावर मग जाळीच्या आणि नळांच्या जागी चकत्या घट्ट केल्या आणि शेवटी कटरने लायनरला भोकं पाडली. इतक्या पैशांच्या वस्तूला आपल्या डोळ्यांदेखत भोक पाडतात हे बघून ताई आत निघून गेली.

लायनरवर मोझॅइक टाइल्सचं चित्र छापलेलं होतं. अर्धं जग ज्या मोरबीच्या टाइल्सवर चालतं ते मोरबी आपल्यापासून एका रात्रीच्या बसवर, आणि आपण टाइलचा फोटो परदेशातून मागवतो. शिवाय विनाइल म्हणजे काय? पीव्हीसी. 1926 च्या सुमारास वाल्डो सेमन नावाचा अमेरिकन रबर धातूला चिकटवायचा काहीतरी उपाय शोधत होता. त्यात त्याला हे कडक पीव्हीसी मऊ करायची युक्ती सापडली. पुढे आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी 1969 मध्ये निघाली ती आपल्याच बडोद्यात, आणि पीव्हीसीही इथे झालं. आमच्या पिढीत मुलगा ‘पेट्रोकेमिकलमध्ये आहे’ एवढ्यावर लग्नं जमत. माल आपला, टाइलची नक्कल आपली. मधला कस्टम ड्यूटीचा भाग तेवढा भाऊजींचा.

तलाव भरायला सदतीस हजार लिटरच्या आसपास पाणी लागलं. बोअरचं पाणी जड, म्हणून दहा हजारांचे चार टँकर आले. ते भर उन्हाळ्यात. मागच्या गल्लीत सकाळी अर्धा तास पाणी येत होतं आणि तिथल्या बायका कमरेवर हात ठेवून टँकर मोजत होत्या. भरून झाल्यावर रोज उन्हाने सात-आठ मिलिमीटर पाणी उडून जाई, म्हणजे साधारण दोनशे लिटर. एवढ्यात एका कुटुंबाची आंघोळ, भांडी आणि धुणं निघतं. भाऊजी ते पाणी रोज आकाशाला देत असत. पितरांनाही इतक्या नेमाने कोणी देत नाही.

आणि पोहायचं कोणी? भाऊजींना पोहता येत नाही. लहानपणी लालबागच्या पालिकेच्या तलावात त्यांना घातलं होतं, पण तिथे पाण्यात उतरण्याआधी अंगावर पाणी घ्यावं लागतं, शिक्षक शिट्टी मारतो आणि चार लोकांसमोर बुडावं लागतं. स्वतःच्या तलावात या तिन्ही अडचणी नाहीत, म्हणून तिथे ते बुडण्याइतपतसुद्धा उतरले नाहीत. ताईचा प्रश्न पोशाखाचा होता. साडीत उतरता येत नाही, पंजाबी ड्रेस फुगतो, आणि बाकीचं या वयात आणि या सोसायटीत शक्य नाही. तीन बाजूंच्या गच्च्यांवर अचानक लोक लोणच्याच्या फोडी वाळत घालायला लागले होते. तिच्या सासूबाई, माई, काठावर खुर्ची टाकून पाय पाण्यात सोडून जप करायच्या. क्लोरीनने त्यांच्या पायाची जुनी खाज गेली. पूर्ण प्रकल्पाचा हा एकमेव सिद्ध झालेला लाभ.

जूनमध्ये भाऊजींचे सांगोल्याचे चुलते, आप्पा, आले. डाळिंबवाले. त्यांना मोठ्या हौसेने मागे नेलं, दिवे लावले. पाण्याखालचे दिवे निळे-जांभळे झाले. आप्पांनी काठावर बसून लायनरची कड दोन बोटांत धरली.

“कागद किती मायक्रॉनचा रं?”

भाऊजींना कळेना. आप्पा म्हणाले, “आमचा पाचशेचा हाय. शेततळ्याला. ह्यो जरा जाड दिसतोय. उंदीर लागत न्हाईत ना?”

मग त्यांनी खड्डा नजरेने मोजला. सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ काढलं 2016 मध्ये. त्यातलं मोठं तळं 30 बाय 30 मीटरचं आणि 3 मीटर खोल, पाणी वीस लाख लिटरहून जास्त. त्या हिशोबाने भाऊजींचा तलाव म्हणजे आप्पांच्या तळ्यातली शेवाळाची रेघ. “अनुदान किती मिळालं?” त्यांनी विचारलं. मिळालं नाही म्हटल्यावर त्यांना पुतण्याची खरोखर कीव आली. “आन ह्ये पाणी जातंय कुठं? झाडाला?” झाडाला देता येत नाही, क्लोरीन असतं, फिल्टर उलटा धुतला की ते गटारात सोडावं लागतं, असं भाऊजींनी सांगितलं. आप्पा दिवे बघत बराच वेळ गप्प बसले. नंतर रात्री माईंना म्हणाले, “पोराला नोकरी सोडल्यापास्नं काही करमत नसंल.”

या शहरात पाण्यासाठी खड्डे खणणारे पूर्वीही होते. नवलखी वाव 1405 मधली. वाटसरूने पायऱ्या उतराव्या, पाणी प्यावं, सावलीत बसावं. सयाजीराव महाराजांनी आजव्याला धरण बांधलं, 1892 मध्ये शहराला नळाने पाणी दिलं. त्या माणसाकडे लक्ष्मीविलास पॅलेस होता. अंगणात काय वाटेल ते खणता आलं असतं. त्यांनी शहराबाहेर वीस-बावीस किलोमीटरवर खणलं आणि नळ आपल्या घरी आणून सोडला. या जुन्या लोकांना आपली हौस स्वतःपुरती ठेवायची अक्कल नव्हती. म्हणून तर आज त्यांच्या वावेत शेवाळ आहे आणि भाऊजींच्या तलावात निळे-जांभळे दिवे आहेत.

असो. ऑगस्ट 2024.

विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फुटांची. त्या आठवड्यात ती 35 च्या वर गेली. अकोट्यात एका घराच्या छपरावर मगर बसलेली सगळ्या देशाने पाहिली. स्कूटरवर दोघांच्या मध्ये मगर घेऊन वनखात्याकडे निघालेली पोरंही पाहिली. मगर कायद्याने पहिल्या अनुसूचीतली. ती आपल्या तलावात उतरली तर तिला हात लावायचा नाही, वनखात्याला बोलवायचं. थोडक्यात दांडिया बाजारातला जुना भाडेकरू. भाऊजी रात्रभर टॉर्च घेऊन गॅलरीत उभे. मगर आली नाही. पाणी आलं. ओट्याच्या दोन पायऱ्या चढलं आणि तलाव कुठे संपतो आणि भायली कुठे सुरू होते हे दोन दिवस कोणालाही सांगता आलं नसतं. निळ्या दिव्यांच्या तारेतून शॉक बसू नये म्हणून मेन स्विच बंद केलेला.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. तलावात चहाच्या रंगाचं काहीतरी उरलं होतं, त्यात एक चप्पल आणि कोणाच्या तरी गॅस सिलिंडरची निळी टोपी. भाऊजी स्वच्छतेचे भोक्ते. त्यांनी पंप लावला आणि उपसायला सुरुवात केली.

आता ते उरलेलं अर्धं. लायनर जागेवर बसलेला असतो तो आतल्या पाण्याच्या वजनाने. बाहेरची माती भिजून गच्च झालेली, जमिनीतलं पाणी काठाला टेकलेलं, आणि तुम्ही आतलं पाणी काढता. मग बाहेरचं पाणी आत यायला बघतं, भोक सापडत नाही, आणि तळच वर उचलतं. दुपारी दोनच्या सुमारास खड्ड्याच्या मधोमध टाइल्सचं चित्र छापलेली एक टेकडी उगवली. माईंना ती गोवर्धनासारखी वाटली आणि त्यांनी हात जोडले. फोनवर कंत्राटदार हळहळला : “पाणी काढवानुं नहोतुं, साहेब! चोमासामां कदी नहीं!” उपाय एकच, परत भरा. वजन द्या.

सगळं बडोदं त्या दिवशी घरातलं पाणी बाहेर काढत होतं. भाऊजी एकटे घरात पाणी आणायच्या खटपटीत. टँकरवाल्याला फोन केला तर त्याला वाटलं प्यायला हवंय. प्यायच्या पाण्याचीच तेव्हा ओढ होती. खरं कारण ऐकून तो जे बोलला ते गुजरातीत असल्यामुळे इथे देत नाही. शेवटी शेजारच्यांचं तळघर कामाला आलं. त्यांच्यात दोन गाड्या बुडालेल्या, मोटर लावलेली, पण पाणी सोडायचं कुठे हा प्रश्न. पाइप कुंपणावरून अलीकडे टाकला. चार तासांत तळघर कोरडं आणि टेकडी खाली. इतक्या वर्षांच्या शेजारात दोन्ही घरांनी एकमेकांच्या उपयोगी पडण्याची ही पहिलीच वेळ.

पण रंग चहाचाच. वर डिझेलचा तवंग. आणि आता उपसायची तर हिंमत नाही, दिवाळीपर्यंत जमीन ओली. पालिकेच्या मलेरिया विभागाचा माणूस आला, डासांच्या अळ्या बघून नोटीस दिली, आणि जाता जाता मोबाइलवर फोटो काढून गेला. त्याने म्हणे असला तलाव पूर्वी पाहिला नव्हता.

गणपती सात सप्टेंबरला बसले. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या मंडळाचे कार्यकर्ते आले. नवलखी मैदानावरच्या पालिकेच्या कृत्रिम कुंडाला मैलभर रांग लागते, वासणा रोडवर अजून गाळ आहे, आणि ‘काका, तुमचं एवीतेवी गढूळच आहे.’ भाऊजींनी सुरुवातीला फिल्टर, वाळू, पंप असं सगळं सांगून पाहिलं. मूर्ती शाडूची आहे, दोन तासांत विरघळते, अशी मंडळाच्या अध्यक्षांनी माईंसमोर शपथ घेतली. माई म्हणाल्या, “घरात गंगा आहे आणि देवाला नाही म्हणतोस?”

मग काय. ढोल आला, ताशा आला, तीन गच्च्यांवरचे लोक या वेळी उघडपणे खाली आले. सोसायटीतली आठ-दहा पोरं मूर्ती घेऊन उथळ टोकाने उतरली, खोल टोकापर्यंत गेली, डुबक्या मारल्या, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवलं. त्यांच्या आया ओरडत होत्या, त्यांना कोणी विचारलं नाही. भाऊजी काठावर आरतीचं ताट धरून उभे होते आणि बऱ्याच दिवसांनी हसत होते. न्यू जर्सीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, नातवाने विचारलं की आजोबा, आमच्या तलावात का नाही असं.

दसऱ्याच्या सुमाराला कंत्राटदाराचं नवं कोटेशन आलं. पहिली ओळ : लायनर बदली. दुसरी : गाळ काढून तळ फरी घोटवो. आणि तिसरी, वेगळ्या दराने : पीओपी मूर्ती रिमूवल, 1 नंग.