बिघडल्या म्हणजे काय झालं?

बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात हल्ली घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. कोरियन मालिका बघून पोरी बिघडल्या.

बिघडल्या म्हणजे काय? तर रात्री मोबाइल बघत रडतात.

रडणं हा बिघाड कधीपासून झाला?

त्या काय बघून रडतात, ते तरी कुणी पाहिलंय का? ‘रिप्लाय 1988’ घ्या. सोलमधली एक गल्ली, या घरातून त्या घरात जाणाऱ्या भाजीच्या वाट्या, अर्ध्या तळघरात भाड्यानं राहणारं कुटुंब. दॉक-सन ही मधली लेक. घरात अंडी दोनच असली, की ती थोरलीला आणि धाकट्याला. हिचा वाढदिवसही दर वर्षी थोरलीच्याच केकवर उरकायचा. शेवटी त्या केकसमोरच पोरीचा बांध फुटतो. आणि बाप काय करतो? कानाखाली वाजवत नाही. नवा छोटा केक घेऊन येतो, लेकीची माफी मागतो, बाप म्हणून आपणही नवखेच आहोत हे तिच्यासमोर कबूल करतो.

आपल्या गल्लीत असा बाप कुणी पाहिलाय?

पोरी रडतात त्या इथं.

राहिलं पहिलं प्रेम. त्याच मालिकेतला जंग-ह्वान दॉक-सनवर जीव टाकतो आणि भागामागून भाग गप्प राहतो. अखेर सगळं बोलून टाकतो, तेही थट्टेचं सोंग घेऊन. ना पळून जाणं, ना धमकी. एवढ्या मुक्या प्रेमाचीही आई-बापांना भीती वाटते?

2016 मध्ये हीच मंडळी ‘सैराट’ला सहकुटुंब गेली होती. गाण्यांवर नाचली. त्या सिनेमात पोरीचा आणि तिच्या नवऱ्याचा जीव तिच्या माहेरच्यांनीच घेतला. तेव्हा कोरिया कुठं होता?

आणि प्रेमाचं एवढं वावडं, तर बुऱ्हाणपूरला आलेल्या पाहुण्याला मुमताजची गोष्ट कशाला सांगता? 1607 मध्ये शहजादा खुर्रमशी तिची मागणी झाली. तो पंधराचा, ती जेमतेम चौदाची. ती चालते, कारण ठरवली थोरांनी. म्हणजे आक्षेप वयाला नाहीच. पोरीनं स्वतः कुणाकडे पाहिलं, एवढाच गुन्हा.

तीच मुमताज 1631 मध्ये याच शहरात चौदाव्या बाळंतपणात गेली. प्रेमकथा सांगताना हा आकडा मात्र कुणी सांगत नाही.

‘एवढ्याशा वयात कसलं आलंय दुःख?’ हे वाक्य शनवाऱ्यापासून इतवाऱ्यापर्यंत कुठंही ऐका. पोर पंधरा वर्षांची असली, तर तिचं दुःखही पंधरा वर्षांचं असतं. कोवळ्या वयात लागलेलं जास्त खोल जातं, हे ज्यांना लागलंय त्यांना विचारा. म्हणजे बहुतेक सगळ्यांनाच.

असं दुःख ऐकून घ्यायला 2022 पासून सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे. 14416 फिरवा, दिवसा किंवा रात्री, पैसे लागत नाहीत. पलीकडचा अनोळखी माणूस पोरीचं सगळं ऐकून घेतो.

मग बाजूच्या खोलीतल्या आईला काय अडचण आहे?