सोनेरी काडीचा चष्मा

"सुमनताई, ऐकलंत का? आमच्या ह्यांनी सोनेरी काडीचा चष्मा कपाटात टाकला! ग्रुपवर आलं म्हणे, धातूच्या फ्रेममुळे मोबाइलचं रेडिएशन डोक्यात जास्त जातं. आता काळ्या जाड फ्रेममध्ये फिरतात. दूधवाल्याने काल ओळखलं नाही."

"अगदीच थाप नाही हो ती, वहिनी. बत्तीस गुण तरी द्या तिला."

"म्हणजे जातं?"

"काडीच्या आत बघा, १४० लिहिलेलं असेल. म्हणजे १४ सेंटिमीटर. आणि ९०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३३ सेंटिमीटरची. धातूची तार लहरीच्या निम्म्या लांबीच्या जवळपास आली, की तीच अँटेना होऊन बसते. तसं जुळलं नाही तर कधीकधी उलट आडोसाही करते. टेलिफोन खात्यात जन्म गेला माझा, तारेचे चाळे मला सांगू नका."

"मग ह्यांचं बरोबरच की!"

"थांबा जरा. १९९५ साली ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी हे मोजलं होतं. खोटं डोकं केलं, कानाशी त्या काळचा फोन धरला, धातूचा चष्मा चढवला. फोनकडच्या डोळ्यात शोषण ९ ते २९ टक्के वाढलं."

"अगं बाई! २९!"

"टक्केच बघता, पण कशाचे? डोळ्यातला आकडा फार तर किलोला ०.२१ वॅट. आपल्याकडे २०१२ पासून फोनला मर्यादा आहे १.६ ची. व्याज भरमसाट, पण मुद्दल चिल्लर! तुमच्याही फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबा, बहुतेक फोन आपला आकडा दाखवतात."

"आणि ह्यांनी साडेतीन हजार मोजले नव्या फ्रेमला."

"दुकानदाराचं भलं झालं. त्यापेक्षा फोन कुठे घेतात ते बघा. रेंज नसली की फोन टॉवर गाठायला सगळा जोर लावतो, तोही कानाला चिकटून. चार बोटं लांब धरला, स्पीकरवर टाकला, तरी पुष्कळ फरक पडतो."

"हे तर जिन्याखालीच बोलतात. तिथे एक दांडीसुद्धा येत नाही."

"जिन्याखाली? ते का?"

"धाकट्या दिरांशी वाटणीचं चाललंय ना. मला ऐकू जाऊ नये म्हणून."

"मग ओट्यावर बसवा त्यांना, स्पीकर लावून. प्रकृतीसाठी म्हणून सांगा."

"सगळी गल्ली ऐकेल हो!"

"ऐकू दे. विहिरीकडचा तुकडा कुणाला गेला, ते आम्हालाही कळेल एकदाचं."