क्षिप्रेचं वीजबिल

उज्जैनला २०२८ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. घाटांची, रस्त्यांची कामं जोरात. पण क्षिप्रेत पाणी कुठलं?

नर्मदेचं! २०१४ मध्ये नर्मदा-क्षिप्रा जोड झाली तेव्हापासून. नर्मदा खाली, माळव्याचं पठार वर. म्हणजे पर्वस्नानाचं पाणी पंपाने तीनशे मीटरहून अधिक चढवायचं. पंप चालतो विजेवर, आणि देशातली सुमारे ७० टक्के वीज आजही कोळशाची.

क्षिप्रा आटली, कारण जंगलं तुटली, बोअर वाढले, पाऊस बेभरवशाचा झाला. ज्या धुराने पाऊस बिघडतो, त्याच धुरावर नदी वाहती ठेवायची?

हे कुठवर परवडणार?

शेजारच्या इंदूरने हिशेब मांडला. नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी शहरात आणताना वीजबिलानेच महापालिकेचं कंबरडं मोडत होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पालिकेने सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे काढले. व्याज सव्वाआठ टक्के. लोकांनी मागितल्याच्या कितीतरी पट पैसे देऊ केले. बिल कमी होणार, म्हणजे कर्ज फिटणार, एवढं त्यांना कळत होतं.

देशाला कर्ज देणाराही हेच बघतो. तूट, महागाई, परकीय गंगाजळी यांच्या जोडीला आता धूरही मोजला जातो. १ जानेवारी २०२६ पासून युरोपने आयात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंटवर कार्बनचा आकार लागू केला. आपलं पोलाद बहुतांशी कोळशावर. निर्यातीला फटका बसला की डॉलर आटतात, पत डळमळते, व्याज चढतं. ते भरतो कोण? तुम्ही-आम्ही.

यात न्याय आहे? अजिबात नाही. पाकिस्तानचा जगाच्या उत्सर्जनातला वाटा एक टक्क्याहून कमी. २०२२ च्या महापुरात त्याची हानी ३० अब्ज डॉलरवर गेली. ज्यांनी शतकभर धूर ओकला त्यांना कर्ज स्वस्त, जे बुडाले त्यांना महाग! भारताने हे प्रत्येक जागतिक परिषदेत ठणकावून सांगितलंच पाहिजे.

पण अन्याय झाला म्हणून कुणी व्याज माफ करत नाही.

उज्जैनकरांनो, सिंहस्थाच्या कामांची यादी हातात आली की घाटाची लांबी नंतर मोजा. आधी विचारा, पंपांची वीज कशावर तयार होणार आणि मेळा उठल्यावर तिचं बिल कोण भरणार? उत्तर लेखी घ्या.