हँगवाले दादा

पेणपासून रोह्यापर्यंत डॉक्टर आणि भटजींच्या जोडीने आणखी एका माणसाचा नंबर घरोघरी सेव्ह असतो. तो 'दादा कॉम्प्युटर' या नावाने. खरं आडनाव विचारायची वेळ कोणावर आलेली नसते. काळी बॅग, स्क्रू ड्रायव्हर, रंगाचा एक इंची ब्रश, थर्मल पेस्टची मुडपलेली ट्यूब आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्या घासायला शाळकरी खोडरबर. या खोडरबराने उठवलेली मशिन्स पाहिली की महागड्या सॉफ्टवेअरवरचा विश्वास उडतो.

फोन येतो तो नेहमी एकाच वाक्याने सुरू होतो. "दादा, मी काहीच केलं नाही हो, आपोआप हँग झालं." दादा हे ऐकून सोडून देतो. "कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का?" दिवा बदलला तर मशीन आतून जागं आहे, एखादा प्रोग्रॅम रुसलाय. नाही बदलला तर सगळंच थिजलं. मग बटण दाबून धरण्याला पर्याय नाही. पलीकडे मात्र कॅप्स लॉक सापडायलाच वेळ लागतो, कारण पेणच्या गणपती कारखान्यातल्या कीबोर्डवर अक्षरं दिसत नाहीत, नुसतं प्लास्टर दिसतं.

कॅबिनेट उघडलं की दादाला धुळीवरून गाव कळतं. पांढरी, पिठासारखी असली तर पेण नाहीतर हमरापूर. रोह्याकडे पालीची अंडी, झेंडूच्या पाकळ्या आणि व्हेंटमधून आत गेलेलं हळदकुंकू. दसऱ्याला पूजा मनापासून होते, नंतर वर्षभर झाकण उघडत नाही.

श्रावणात तर कारखान्यात पाय ठेवायला जागा नसते. रंगायच्या मूर्ती, वाळायच्या मूर्ती आणि त्यांच्यामध्ये बिलं छापणारं विंडोज 7. त्याचा आधार मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 ला काढून घेतला, पण कारखान्याच्या शेठना तसं कोणी कळवलेलं नाही. सुट्टीला आलेला भाचा म्हणतो, "मामा, फॉरमॅट मारा, व्हायरस आहे." फॉरमॅट हा शब्द ऐकला की दादाच्या कपाळावर आठी चढते. "आणि उधारीची यादी? ती तुमच्या तोंडपाठ आहे का?" भाचा चहा आणायला जातो.

प्रोसेसरवरचा पंखा प्लास्टरने लिंपला होता. हवा जायची कुठून? मशीन तापायचं आणि बिलाच्या मधोमध थिजायचं. दादाने मूर्ती रंगवायच्या स्प्रेचा कॉम्प्रेसर मागवला. नळीतला झोत आधी तळहातावर घेऊन पाहिला, पाणी किंवा तेल येत नाही ना. मग पंख्याचं पातं एका बोटाने धरून आत झोत सोडला. पातं मोकळं गरगरलं तर पंखाच उलट वीज तयार करतो आणि बोर्ड जाऊ शकतो. शेठ आणि भाचा पांढरे होऊन बाहेर आले. रॅम काढायला मात्र दादा तयार नव्हता. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर सुधारलं कशाने, ते कळणार कसं?"

त्याच दुपारी त्याला रोह्याला जायचं असतं. दिवा-रोहा गाडी चुकली तर एसटी, आणि ग्राहकाची हार्डडिस्क असलेली बॅग मांडीवर. वडखळ ते नागोठणे हा मुंबई-गोवा महामार्ग 2011 पासून वर्षानुवर्षं चौपदरी होत राहिला. तिथे हार्डडिस्क डिकीत ठेवणं म्हणजे गुन्हा.

रोह्याच्या निवृत्त तलाठी भाऊंचा कॉम्प्युटर फक्त संध्याकाळी हँग व्हायचा. दादाने इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. "हे बघा, कर्नल-पॉवर 41." भाऊ म्हणाले, "आमच्यात मिलिटरीत कोणी नाही हो." 41 चा अर्थ इतकाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं, का, ते तो सांगत नाही. म्हणून दादा खुर्ची ओढून बसला. त्याचं निम्मं निदान बसण्यातच होतं, आणि लोकांना नेमकं तेच फुकट वाटतं. दोन चहा झाले. मागच्या दारी शेजाऱ्याचा विहिरीवरचा पंप घर्रर्र झाला, ट्यूबलाइट मिणमिणली आणि पडदा जागच्या जागी गोठला. पंप सुरू होताना व्होल्टेज खाली ओढतो, मशीनला वीज पुरवणारा म्हातारा एसएमपीएस तेवढा धक्का पेलत नाही, आणि यूपीएसची बॅटरी मेलेली. तिच्यावर कुंकू मात्र ताजं. एसएमपीएस बदलला, यूपीएसला बॅटरी बसली.

"पंप शेजाऱ्याचा," भाऊ हिशेब करत म्हणाले, "मग पैसे मी का द्यायचे?"

अखेर निम्मे रोख आणि उरलेल्याचे तांदूळ. पेणला याऐवजी पोहे-पापड मिळतात, एवढाच फरक. गाडी नागोठण्याला येते तोच शेठचा फोन वाजतो.

"दादा, परत बंद पडलं! मी काहीच केलं नाही."

"कॅप्स लॉकचा दिवा लागतो का?"

"दिवा कसला दादा, अख्ख्या पेणची लाईट गेलीय."