अडकमीमांसा, अर्थात बुडालेल्या झाडांतून गळ ओढण्याचे शास्त्र

पाण्याखालच्या झाडाझुडपांतून गळ ओढत नेताना तो कशात अडकतो, आणि अडकल्यावर माघार कोणी घ्यावी, या प्रश्नाचा मराठीत व्हावा तितका ऊहापोह झालेला नाही. आपल्या ज्ञानव्यवहाराला हे भूषणावह नाही. कोकणात गरवायला बसलेला माणूस गरी खडपात अडकली की एक ठेवणीतली शिवी देतो, तंगूस तोडतो आणि प्रश्न निकालात काढतो. यात व्यवहार आहे, शास्त्र नाही. शास्त्राला अडचण मुबलक लागते, आणि तिच्यासाठी अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, रीलफूट तलावावर जावे लागते.

हा तलाव भूकंपाने केला. १८११-१२ च्या हिवाळ्यात न्यू माद्रिद भागात धरणीकंपांची मालिका झाली. तिच्यातल्या ७ फेब्रुवारी १८१२ च्या धक्क्याच्या वेळी मिसिसिपी नदी काही काळ उलटी वाहिली, असे तेव्हाच्या लोकांनी नोंदवून ठेवले आहे. जमीन खचली, पाणी भरले आणि उभे जंगल जागच्या जागी बुडाले. सायप्रसचे लाकूड पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे दोनशे वर्षांनंतरही खुंट खाली उभेच आहेत. तलाव उथळ. म्हणजे खुंट कुठे आहे हे कळायला फारशी वाट पाहावी लागत नाही, बहुधा होडीच सांगते. म्हणून तिथे ‘स्टंपजंपर’ नावाची खास होडी बनते. दोन्ही टोकांना निमुळती, आणि तिच्या वल्ह्यांना मध्ये बिजागरी, म्हणजे वल्हवणाऱ्याला पुढे तोंड करून बसता येते. इतर ठिकाणी लोक पाठमोरे वल्हवतात. खुंटांच्या राज्यात ते परवडत नाही. ही होडी बांधणारे डेल कॅल्हून यांना १९९८ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली. अडचणीचा इतका रीतसर सन्मान आपल्याकडे अजून कोणी केलेला नाही.

आता मासा. त्याचे नाव क्रॅपी. चपटा, रुपेरी, अंगावर काळे ठिपके, आणि ओठ इतके पातळ की जोरात हिसडा दिला की फाटतात. छोटी मासळी फांद्यांच्या आडोशाला येते, तिच्यामागे हा येतो, आणि त्याच्यामागे मनुष्य येतो. मोकळ्या पाण्यात गळ अडकत नाही हे खरे, पण तिथे मासाही लागत नाही. या एका वाक्यात शास्त्राचा सगळा पूर्वपक्ष आला.

गळ ओढण्याचे दोन संप्रदाय आहेत. पहिला होडीच्या मागे लांबलचक दोर सोडतो. उघड्या पाण्यात हे शोभते. झाडांत मात्र होडी खुंटावरून सुखरूप निघून गेलेली असते आणि शिक्षा साठ-सत्तर फूट मागे, बिचाऱ्या गळाला होते. दुसऱ्या संप्रदायाने कर्म आणि फळ यांतले हे अंतर मिटवले. होडीच्या नाकावर बारा ते सोळा फुटी काठ्या पंख्यासारख्या लावायच्या, दोन माणसांच्या मिळून आठ, म्हणून याला कोळ्याच्या पायांवरून ‘स्पायडर रिगिंग’ म्हणतात. विजेच्या छोट्या मोटरीने ताशी अर्धा मैल पुढे सरकायचे, म्हणजे माणूस चालतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याने. प्रत्येक दोराला अर्धा औंस किंवा त्याहून जड शिसे. वेग कमी आणि शिसे जड असले की दोर सरळ खाली उभा राहतो, आणि उभा दोर वेळेवर वर उचलता येतो. घाई केली की दोर तिरपा होऊन मागे रेंगाळतो, आणि रेंगाळलेल्याला खुंट सोडत नाही.

या मांडणीतला सर्वांत गाजलेला पाठ टेनेसीच्याच रॉनी कॅप्स आणि स्टीव्ह कोलमन या जोडीच्या नावाने ओळखला जातो: एका दोराला दोन गळ, आणि शिसे दोहोंच्या मध्ये. वरचा गळ आखूड फाट्यावर, खालचा शिशाच्या मागून तरंगत येणारा.

परंतु मर्म गाठीत नाही, दुबळेपणाच्या उतरंडीत आहे. नवशिका सगळ्याच वस्तू मजबूत घेतो. मजबूत गळ, मजबूत दोर, मजबूत काठी. मग खुंट आणि माणूस समोरासमोर उभे राहतात, आणि खुंटाला १८१२ पासूनचा अनुभव आहे. जाणकार गळ मुद्दाम बारीक तारेचा घेतो आणि दोर त्याच्याहून दणकट. ताण आला की गळ सरळ होतो आणि लाकडातून निसटतो. वर आला की पकडीने पुन्हा वाकवायचा, आमिष लावायचे, सोडायचा. काही जण शिसे सगळ्यांत खाली, वेगळ्या, कच्च्या दोऱ्यावर बांधतात. शिसेच अडकले तर तेवढा दोरा तुटतो, बाकी संसार वाचतो. पदरचे काय जायचे हे आधीच ठरवून ठेवलेले असल्याने तळमळ होत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते अर्थसंकल्प मांडणाऱ्यांनी हे तंत्र अभ्यासावे.

आता प्रमाणविचार. काठीचे टोक हलले; मासा की खुंट? खुंट चावत नाही, तो फक्त सोडत नाही. काठी सावकाश, एकाच लयीत, नेमकी होडीच्या वेगाने वाकत जाते. मासा ओढ घेतो तेव्हा टोक थरथरते, दबते, पुन्हा दबते. पण क्रॅपी बरेचदा खालून वर येऊन आमिष घेतो, आणि वर येताना शिशाचा भारही उचलतो. तेव्हा इतका वेळ किंचित झुकलेली काठी एकदम सरळ होते. काहीच घडत नाही, असे जे वाटते, तेच घडणे असते. हे ओळखायला जे डोळे लागतात ते पुस्तकाने येत नाहीत. तरीही पुस्तक लिहिलेच पाहिजे.

अडकल्यावर ओढवादी ओढतात. त्यांच्याबद्दल अधिक लिहिण्यात अर्थ नाही. ढीलवाद्यांचे मत असे की आधी दोर सैल सोडावा, काठीचे टोक हलकेच नाचवावे, म्हणजे शिसे आपल्याच वजनाने धपकन खाली आपटते आणि गळाला ज्या बाजूने तो घुसला त्याच बाजूने बाहेर काढते. न निघाल्यास होडी खुंटाच्या पलीकडे नेऊन उलट दिशेने तोच प्रयोग. मात्र तेवढ्यात उरलेले सात दोर वाऱ्याने एकमेकांच्या गळ्यात पडतात, हा या मताचा दोष ढीलवादी मान्य करत नाहीत.

आता उरला एकच आक्षेप: ज्या तलावात भूकंप झाला नाही तिथल्यांनी काय करावे? तिथे लोक अडचण स्वतः तयार करतात. नाताळ संपला की दिवे उतरवलेली ख्रिसमस झाडे गोळा होतात, बुंध्याला काँक्रीटचे ठोकळे बांधतात आणि तलावात बुडवतात. कुठे बादलीभर सिमेंटात बांबू रोवून सोडतात. मग त्याच झाडांत अडकू नये म्हणून बारीक तारेचे गळ आणि कच्चे दोरे विकत आणतात. बुडवल्या जागेची नोंद जीपीएसमध्ये करून ठेवतात आणि सख्ख्या मेव्हण्यालाही तिचा पत्ता लागू देत नाहीत. मेव्हणा पुढच्या रविवारी आपल्या आठ काठ्या लावून नेमका तिथेच आलेला असतो. सोनार यंत्र त्याच्याही होडीवर असते.